एका वेळी अनेक कामे : अवधानाचा जमाखर्च

वार्षिक अहवालात आपण जमाखर्चाची पत्रके देतो, बाह्यरुग्ण व आंतररुग्ण विभागांचे तक्ते देतो, देणगीदारांची नामावली देतो. जे मोजता येते, ते तक्त्यात येते. परंतु रुग्णसेवेचा एक घटक असा आहे की जो कोणत्याही ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवता येत नाही, आणि तो कमी पडला तर त्याची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागते. तो घटक म्हणजे अवधान : औषध देणाऱ्या परिचारिकेचे, केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांचे, रक्ताच्या नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवणाऱ्या तंत्रज्ञाचे आणि घरी जाताना सूचना ऐकणाऱ्या नातेवाईकाचेही. मनुष्य एकाच वेळी खरोखर अनेक कामांकडे लक्ष देऊ शकतो काय, आणि तसे करू गेल्यास काय घडते, याविषयी शास्त्राला आज जे ठाऊक आहे ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे सोप्या शब्दांत मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अष्टावधानी म्हणजे कोण?

चार कामे एकदम सांभाळणाऱ्या माणसाला आपण कौतुकाने ‘अष्टावधानी’ म्हणतो. घर, शेत, मुलांची शाळा आणि सासूबाईंचे औषधपाणी पाहणाऱ्या गृहिणीस हे विशेषण लागते. तसेच ते गर्दीच्या वेळी फोन, पावती आणि चौकशी सांभाळणाऱ्या आमच्या स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यासही लागते. परंतु हा शब्द ज्या परंपरेतून आला, तिच्याकडे पाहिले की वेगळेच चित्र दिसते.

अवधान ही आपल्या देशातील जुनी विद्वत्कला आहे. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात ती आजही सादर केली जाते. आठ पृच्छक समोर बसतात. कोणी समस्यापूर्ती मागतो, कोणी ठराविक शब्द घालून श्लोक रचण्यास सांगतो, कोणी मध्येच घंटेचे टोले देतो व शेवटी ते किती झाले हे विचारतो. त्यांपैकी एकाचे तर कामच असे की विषयाला सोडून काहीतरी बोलायचे आणि अवधान्याचे लक्ष विचलित करायचे. या प्रकाराला ‘अप्रस्तुत प्रसंग’ असे नाव आहे. ज्यांनी ही कला घडविली, त्यांना अवधानाचा शत्रू कोण हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी त्याला परीक्षेत मानाची जागा दिली.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की अवधानी आठही प्रश्नांची उत्तरे एकाच क्षणी देत नाही. तो एकेकाकडे पाळीने वळतो, एक चरण सांगतो, पुढच्याकडे जातो आणि पुढील फेरीत अर्धवट सोडलेला धागा अचूक उचलतो. त्याचे सामर्थ्य आहे ते दीर्घ साधनेने कमावलेल्या स्मरणशक्तीत. लक्ष मात्र प्रत्येक क्षणी एकाच जागी असते.

महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले याचे गाजलेले उदाहरण श्रीमद् राजचंद्र यांचे आहे. १८८७ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा जाहीर प्रयोग केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी मुंबईत त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली आणि पुढे आत्मकथेत तिचे वर्णन केले. मात्र गांधीजींच्या मनावर खरा ठसा उमटला तो निराळ्याच गोष्टीचा. राजचंद्र जवाहिऱ्याचा मोठा व्यापार करीत, आणि व्यवहाराचे बोलणे संपताच धर्मग्रंथ किंवा आपली टिपणवही उघडून त्यात तितकेच तल्लीन होत. एक काम पुरते संपवून मग दुसऱ्यात पूर्ण शिरणे, ही ती हातोटी होय.

यंत्राकडून आलेला शब्द

‘मल्टिटास्किंग’ हा शब्द मुळात माणसासाठी तयार झालेला नाही. १९६० च्या दशकात संगणकाच्या कार्यपद्धतीचे वर्णन करण्यासाठी तो वापरात आला. गंमत अशी की एकच प्रक्रियक असलेला संगणकदेखील दोन कामे एकाच क्षणी करीत नसे. तो या कामाचा एक तुकडा, त्या कामाचा एक तुकडा इतक्या झपाट्याने उरकी की पाहणाऱ्याला दोन्ही एकदम चालल्याचा भास होई. पहिले काम जेथे सोडले ती जागा यंत्राच्या स्मृतीत बिनचूक नोंदलेली राही. मनुष्याच्या मेंदूत अशी नोंद कोणी ठेवीत नाही.

मेंदूतील ही अडचण शास्त्रज्ञांच्या फार पूर्वी ध्यानात आली. टेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये दाखविले की दोन इशारे अगदी थोड्या अंतराने मिळाले, तर दुसऱ्याला प्रतिसाद देण्यास मनुष्याला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. डोळे व कान एकाच वेळी माहिती घेऊ शकतात, हातपायही एकाच वेळी हलू शकतात. परंतु ‘आता काय करायचे’ हा निर्णय घेण्याची वाट अरुंद आहे. एका पदरी पुलावरून एका वेळी एकच गाडी जावी, दुसरीने थांबावे, तसाच हा प्रकार आहे.

सुज्ञ वाचकांनी घरी एक साधा प्रयोग करून पाहावा. घड्याळ लावून प्रथम १ ते १० आकडे मोठ्याने म्हणावेत, त्यानंतर लगेच ‘क’ पासून ‘ञ’ पर्यंतची दहा अक्षरे म्हणावीत व लागलेला वेळ नोंदवावा. मग तेच आकडे व तीच अक्षरे आलटून पालटून म्हणावीत : एक-क, दोन-ख, तीन-ग, याप्रमाणे. उच्चार तेवढेच, काम तेवढेच. परंतु वेळ स्पष्टपणे वाढतो आणि मध्येच अडखळायला होते.

परिव्यय लेखाशास्त्र शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. छापखान्यात एका रंगाची छपाई थांबवून दुसऱ्या रंगाची सुरू करताना यंत्र पुसावे लागते, शाई बदलावी लागते, पहिले काही कागद वाया जातात. हा बदलाचा खर्च कोणत्याही ग्राहकाच्या पावतीवर दिसत नाही, पण तो होतोच. मेंदूलाही दर बदलागणिक असाच खर्च येतो. शिवाय मागच्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यालाच ‘अवधानाचा उरलेला अंश’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिले काम अपुरे असताना दुसरे हाती घेतले, तर दुसऱ्यात मन पूर्णपणे लागत नाही, असे त्यांना आढळले.

भाकरी, ढोलकी आणि सवयीची कामे

येथे कोणी म्हणेल की आमच्या घरच्या बाया भाकरी थापता थापता गप्पा मारतात, एकही भाकरी करपत नाही. मग हे कसे? उत्तर असे की वर्षानुवर्षांच्या सरावाने काही कामे हाताच्या अंगवळणी पडतात आणि त्यांना निर्णयाची अरुंद वाट फारशी अडवावी लागत नाही. चालणे व बोलणे ही जोडी अशीच आहे. नारायणगावला तमाशा पंढरी म्हणतात. तेथील फडातील कलावतीच्या पायांचा ठेका, गळ्यातील लावणी आणि चेहऱ्यावरील भाव ही आपल्याला तीन कामे वाटतात. परंतु दीर्घ सरावाने ती एकाच तालात ओवली जाऊन तिच्यापुरते एकच काम झालेले असते. त्याच वेळी तिला कोणी बिदागीचा हिशेब विचारला, तर ठेका चुकल्यावाचून राहणार नाही. भाकरी थापणारी गृहिणीदेखील तव्याला आग लागल्यासारखी झाली की बोलणे अर्ध्यावर सोडते. ज्या क्षणी नवा निर्णय घ्यावा लागतो, त्या क्षणी सवयीची मदत संपते.

आणखी दोन समजुतींचा येथे निर्देश करणे योग्य होईल. पहिली अशी की स्त्रियांना ही कला उपजतच असते. जर्मनीत ४८ पुरुष व ४८ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन कामे एकत्र करताना दोघांचीही गती व अचूकता सारखीच घटल्याचे दिसले. स्त्रियांवर अधिक कामे पडतात हे खरे. त्यांचा मेंदू त्यासाठी निराळा घडविला आहे, हे मात्र सिद्ध झालेले नाही. परिचारिकांवर आणखी एक काम टाकताना हे आपण लक्षात ठेवावयास हवे. दुसरी समजूत ‘मला जमते’ ही होय. अमेरिकेतील युटा विद्यापीठात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०० जणांना वाहन चालविताना फोनवरील स्मरण व गणिताचे प्रश्न सोडविण्यास लावले. कामगिरी जराही न घटलेले लोक फक्त अडीच टक्के, म्हणजे २०० पैकी ५ निघाले. त्याच विद्यापीठातील संशोधकांना २०१३ मध्ये असेही आढळले की जे लोक एका वेळी अनेक कामे करण्याच्या अधिक आहारी गेलेले असतात, ते प्रत्यक्ष चाचणीत बहुधा मागे पडतात. स्वतःच्या क्षमतेविषयीचा अंदाज मात्र बहुतेकांचा वाजवीपेक्षा मोठा असतो.

महामार्गावरचे अवधान

पुणे–नाशिक महामार्ग आपल्या दोन्ही तालुक्यांतून जातो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही त्यावरील गजबजलेली ठिकाणे. आळेफाट्यास कल्याण–अहिल्यानगर मार्ग त्यास छेदतो. टोमॅटोच्या क्रेटची पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, एस. टी. गाड्या आणि दुचाकी या सर्वांना एकच रस्ता वाटून घ्यावा लागतो. अशा रस्त्यावर मान वाकडी करून खांदा व कान यांमध्ये फोन धरलेला दुचाकीस्वार आपण सर्वांनी पाहिला आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, वाहन चालविताना हातात धरून मोबाईल वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्याच्या व्याख्येत येते. परंतु कायद्याने हाताचा विचार केला, तरी शास्त्राचे म्हणणे त्याहून पुढचे आहे. स्ट्रेअर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये केलेल्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांकडून थांबण्याचे इशारे दुप्पट प्रमाणात निसटले, आणि फोन हातात होता की हात मोकळे होते याने त्यात फरक पडला नाही. अडथळा हातात नसून संभाषणात होता. डोळे रस्त्यावर असतात, पण डोळ्यांनी आणलेली बातमी स्वीकारायला आत कोणी मोकळे नसते. शेजारी बसलेला मनुष्य रस्ता बिकट दिसला की बोलणे थांबवितो. फोनच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला वळण दिसत नाही, म्हणून तो बोलतच राहतो.

रुग्णालयातील अवधान

आता आपल्या अंगणात येऊ. सिडनी येथील दोन मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाचे निरीक्षण करण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ७२० रुग्णांना एकूण ४२७१ वेळा औषध देताना काय घडले, हे त्यात टिपले आहे. निम्म्याहून अधिक वेळा परिचारिकेच्या कामात कोणी ना कोणी व्यत्यय आणला होता. प्रत्येक व्यत्ययाबरोबर कार्यपद्धतीतील त्रुटी १२.१ टक्क्यांनी आणि उपचारविषयक चुका १२.७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. व्यत्यय आणणारे कोणी शत्रू नव्हते. एखादा प्रश्न, एखादी हाक, एखादा फोन, एवढेच. अवधानाच्या खेळातील ‘अप्रस्तुत प्रसंग’ येथे रोजच्या वेषात येतो.

तज्ज्ञांचे ज्ञानही या मर्यादेतून सुटका करीत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सी.टी. स्कॅनमध्ये गाठी शोधण्यास सांगितले होते. चित्रांत गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठी गोरिलाची आकृती मुद्दाम घातली होती. २४ पैकी २० जणांना ती दिसली नाही. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांचे अवधान गाठींच्या शोधात गुंतले होते. अवधान म्हणजे निवड, आणि प्रत्येक निवडीत काहीतरी वगळले जाते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांना सर्पदंश नवा नाही. भातखाचरे, ऊस, द्राक्षबागा आणि रात्रीचे पाणी धरणे यांमुळे शेतकऱ्याची सापाशी गाठ पडते. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल, तर रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी एक साधी चाचणी करतात. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे मुळीच न हलविता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायची. या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही, पण अवधान लागते. कोणी लवकर नळी हलविली, तर गोठू पाहणारे रक्तही पातळ दिसू शकते; आणि २० मिनिटे झाल्याचे स्मरण राहिले नाही, तर प्रतिविष देण्याचा निर्णय लांबतो. त्या २० मिनिटांत त्याच परिचारिकेला सलाईन लावायची असते, श्वासाकडे व पापण्यांकडे लक्ष ठेवायचे असते, नातेवाईकांना धीर द्यायचा असतो. ‘पुढे अमुक वेळी अमुक करायचे आहे’ हे लक्षात ठेवणे ही मेंदूची अत्यंत नाजूक जबाबदारी आहे. तेथे स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा गजराचे घड्याळ शहाणे ठरते.

उपाय काय?

विमान वाहतुकीने या प्रश्नाचे उत्तर नियमाने दिले. अमेरिकेत १९८१ पासून असा नियम आहे की विमान १०,००० फुटांखाली असताना, म्हणजे उड्डाण व उतरणीच्या नाजूक काळात, वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेले कोणतेही काम किंवा संभाषण करू नये. वैमानिक अधिक हुशार असावेत अशी अपेक्षा हा नियम करीत नाही. तो फक्त त्यांच्याभोवतीची शांतता राखतो. पुढे अनेक देशांतील रुग्णालयांनी हेच तत्त्व औषधांच्या फेरीला लावले. औषध काढताना परिचारिकेने विशिष्ट रंगाचा अंगरखा घालावयाचा आणि त्या वेळी तिला कोणी हाक मारावयाची नाही, अशी पद्धत काही ठिकाणी आहे.

आपल्याच परिसरातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण हाच धडा देते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. आकाशातून येणारे संदेश अतिशय क्षीण असतात, म्हणून आजूबाजूच्या रेडिओ लहरींचा गोंगाट जितका कमी, तितके ते स्पष्ट मिळतात. अँटेना कितीही मोठी असो, भोवती गलका असेल तर तिला ऐकू येत नाही. अत्यवस्थ रुग्णाचे संदेशही असेच क्षीण असतात.

या दृष्टीने आम्ही तिन्ही वाचकवर्गांस नम्र विनंती करू इच्छितो.

रुग्णांच्या नातेवाईकांस : औषधांच्या फेरीच्या वेळी परिचारिकेला प्रश्न विचारू नयेत. भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडील वाड्यांवरून एक एस. टी. गाठून आलेल्या माणसाला परतीच्या गाडीपूर्वीच सर्व विचारून घ्यायचे असते, त्यामागची कळकळ आम्ही जाणतो. म्हणून प्रश्न मनात न ठेवता कागदावर लिहून किंवा कोणाकडून लिहवून घ्यावेत व भेटीच्या वेळी एकत्रित विचारावेत. रुग्ण अचानक घाबरा झाला, श्वास लागला, रक्तस्राव झाला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता हाक मारावी. तो व्यत्यय नव्हे, तो इशारा आहे. घरी जाताना गोळ्यांच्या वेळा समजावून घेत असता आपला मोबाईल बंद ठेवावा, आणि ऐकलेले एकदा आम्हास परत सांगावे.

विश्वस्त मंडळास : एका परिचारिकेकडे फोन, नोंदवही, औषधे आणि चौकशी ही चारही कामे दिली, तर वेतनपत्रकात एका पगाराची बचत दिसते. ही बचत खरी आहे काय, याचा विचार व्हावा. चुकीच्या मात्रेमुळे वाढलेले खाटेवरील दिवस, पुन्हा केलेल्या तपासण्या आणि गमावलेला विश्वास यांची रक्कम त्या पत्रकात कधीच येत नाही. वॉर्डातील फोन व चौकशी सांभाळण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमणे हा रुग्णसुरक्षेवरील खर्च आहे, असे हिशेब पाहणारा म्हणून माझे स्पष्ट मत आहे.

देणगीदारांस : खाट, यंत्र, रुग्णवाहिका यांवर देणगीदाराचे नाव कोरता येते. औषधे काढण्यासाठी दार लावता येईल अशी एक लहानशी निवांत खोली, काही गजराची घड्याळे आणि चौकशीच्या जागी बसणारा एक माणूस यांवर नावाची पाटी तितकी शोभून दिसणार नाही. तथापि त्यांचा उपयोग कोणत्याही यंत्राइतकाच मोलाचा आहे, हे आपण जाणाल अशी खात्री आहे.

आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे, अशी आपल्या भागातील श्रद्धा आहे. त्याच ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागणी केली, ती अवधानाची. रुग्णालयही आपणा सर्वांकडे हेच मागत आहे. खाटेवरील रुग्ण एक असतो, त्याची मात्रा एक असते, आणि ती देणाऱ्या हातांना त्या घटकेपुरते दुसरे कोणतेही काम असू नये, एवढी व्यवस्था आपण मिळून करू या.